नाक सरळ खाली

लखनौला आले तेव्हा आपल्याला हिंदी उत्तम येतं, असा माझा समज होता. नागपूरची मुलगी मी, हिंदी ऐकतच वाढलेली. हा समज पहिल्याच आठवड्यात एका भाजीवाल्याने मोडीत काढला. दादा-वहिनी निशातगंजात पहिल्या मजल्यावर राहायचे आणि मी त्यांच्याकडे नव्याने राहायला आले होते. सकाळी गल्लीत ठेला आला तशी मी गॅलरीतून ओरडले, "भैया, रुकना, मैं खाली आती हूँ." त्याने वर पाहिलं आणि मोठ्या अदबीने म्हणाला, "खाली काहे आइएगा बहनजी, झोला लेती आइए." वहिनी स्टोव्हपाशी बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिने सांगितलं, आपलं खाली म्हणजे यांचं नीचे, आणि यांचं खाली म्हणजे आपलं रिकामं. लग्न होऊन इथे आल्यावर तिलाही हा धडा असाच कुठल्याशा ठेल्यावर मिळाला होता. माझी भाची तर मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर द्यायची आणि माझ्या बोलण्याला "बुआ वाली हिंदी" म्हणायची.

मी आले होते विमानाच्या नोकरीसाठी. सत्तरचं दशक संपत आलं होतं. कानपूर रोडला शहर संपल्यावर विमानतळाच्या कडेला एक जुनं हँगर होतं, तिथे आमची छोटीशी सरकारी तुकडी एक हलकं, दोन माणसांचं विमान बनवत होती. नव्याने उडायला शिकणाऱ्यांसाठीचं विमान. लढाऊ विमानं बनवणाऱ्यांच्या लेखी आम्ही म्हणजे सायकलचं दुकान. पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. कागदावर काढलेली रेघ हँगरमध्ये लोखंडी नळी होऊन समोर येते, मग तिच्यावर कापड ताणलं जातं, कापडावर रोगण चढतं, आणि एक दिवस त्या सगळ्याला पंख लागतात, हे रोज बघायला मिळत असेल तर माणसाला आणखी काय हवं?

अडचण एवढीच, की आमची तुकडीच तात्पुरती होती. दिल्लीहून परीक्षक येणार, विमान पास करणार, तर काम पुढे चालणार. नाही केलं तर सगळे आपापल्या खात्यात परत. मला परत जायला खातंच नव्हतं. मी थेट इथेच, हंगामी म्हणून लागलेली. म्हणजे मी जाणार नागपूरला, आणि तिथे आईने माझ्यासाठी एक शाळामास्तर जवळजवळ ठरवून ठेवलेला. मास्तर चांगला असेलही. पण मला मास्तर नको होता, विमान हवं होतं.

माझं काम वजनाचं. विमानात जे जे जाईल ते मी तोलायचं, मग ते इंजिन असो की सीटची गादी, आणि ते नाकापासून किती लांब बसणार आहे ते धरून सगळ्याचा तोल कुठे पडतो ते काढायचं. तोल थोडा जरी मागे गेला तरी विमान हट्टी होतं. काम किचकट, पण मला आवडायचं. आवडायची नाही ती एकच गोष्ट. मी तोललेलं प्रत्येक वजन आमचे मोठे साहेब पुन्हा तोलायला लावायचे. "दोबारा तौल लो," असं जाता जाता कुणालातरी सांगायचे, माझ्यासमोरच. इतरांनी तोललेलं कधी पुन्हा काट्यावर चढलं नाही. माझ्या आडनावाची चौकशी त्यांनी पहिल्या दिवशी केली होती, मग पुन्हा कधी केली नाही. माणूस म्हणून ते वाईट नव्हते. दादाला टायफॉइड झाला तेव्हा त्यांनी स्वतःची गाडी दवाखान्यापर्यंत पाठवली होती. पण माझं वजन ते दोनदाच तोलायचे, आणि दोन्ही वेळा ते सारखंच भरायचं. मी मनातल्या मनात त्यांना ज्या शिव्या घातल्या त्या अस्सल नागपुरी होत्या.

विमान उडवणारा माणूस मात्र वेगळ्याच मातीचा होता. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. जुन्या लखनौतले, चौकाच्या बाजूचे. उभं आयुष्य पोरांना विमान शिकवण्यात गेलेलं. सगळ्यांना आप म्हणायचे, विमानालासुद्धा. सकाळी हँगरमध्ये आले की पंखावर हात ठेवून "कैसी तबीयत है आपकी?" असं विचारायचे, आणि आमच्यातले काहीजण पाठीमागे त्याची नक्कल करायचे. मीही एकदा केली होती.

विमान कसं असावं याबद्दल साहेबांचे आणि त्यांचे बरेच वाद झाले. साहेबांना दोन सीट एकामागे एक हव्या होत्या, त्याने विमान सडपातळ होतं, वेग वाढतो. उस्ताद म्हणायचे, शिकणाऱ्याला शिकवणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे. सीट शेजारी-शेजारी झाल्या. दुसरा वाद इंधनाच्या काट्यावरून. सगळे काटे मधल्या फळीत मावेनात, तेव्हा इंधनाचा काटा डावीकडे, शिकणाऱ्याच्या गुडघ्यासमोर लावा, असं उस्तादांनी सांगितलं. साहेब चिडले, म्हणाले, तिथून तो शिक्षकाला दिसणार नाही. उस्तादांचं उत्तर मला अजून पाठ आहे. "न दिखे. तेल की ख़बर शागिर्द देगा. उसे पता तो हो कि उसके कहे पर कोई बैठा है."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण काटा डावीकडेच लागला.

पुढच्या हिवाळ्यात विमान उडालं. त्या दिवशी वहिनीने डब्यात पुरणपोळी दिली होती आणि हँगरमध्ये प्रत्येकाला तिचा एकेक घास मिळाला. आनंद फार टिकला नाही. विमानाला एक खोड निघाली. वेग फार कमी केला की कुठल्याही विमानाच्या पंखांवरची हवा सुटते आणि ते पडू लागतं. याला स्टॉल म्हणतात. शहाणं विमान अशा वेळी नाक सरळ खाली घालतं, त्याने वेग येतो, आणि ते आपसूक सावरतं. आमचं विमान डावा पंख टाकायचं. एकदम, न सांगता, झोपेत माणूस कूस बदलतो तसं. उस्तादांसारख्याला त्याचं काही नव्हतं. पण पहिल्यांदाच एकटा उडणारा पोरगा त्यात गरगरत जमिनीपर्यंत गेला असता. उस्ताद म्हणाले, सिखाने वाला जहाज़ वह, जो गलती होने दे और सँभलने की मोहलत भी दे. हे मोहलत देत नाही.

हवा नक्की कुठे सुटते ते कळल्याशिवाय इलाज करता येत नव्हता. हवा काही डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी पंखावर लोकरीचे बोटभर तुकडे चिकटवतात. हवा नीट वाहत असेल तोवर ते मागे निजून राहतात, हवा सुटली की तिथले तुकडे उभे राहून थयथयाट करतात. आमच्या भांडारात सगळं होतं, लोकर नव्हती. मागणी दिल्लीला जाऊन येईपर्यंत उन्हाळा लागला असता. मी घरी येऊन नुसतं बोलले, तर वहिनीने भाचीच्या अर्ध्या विणलेल्या स्वेटरची सुई काढली आणि गुंडा माझ्या हातात ठेवला. गडद लाल रंग. भाची म्हणाली, "मम्मी, मेरा स्वेटर?" वहिनी म्हणाली, "विमानाला थंडी वाजते आहे." दुसऱ्या दिवशी आमच्या पांढऱ्या पंखांवर लाल लोकरीची रांग लागली आणि त्या वर्षी भाचीने जुन्याच स्वेटरवर थंडी काढली.

ते तुकडे बघायला शेजारच्या सीटवर कुणीतरी बसायला हवं होतं. मी वजनाला सगळ्यांत कमी, आणि आकडे पटापट टिपणारी. उस्तादांनी माझं नाव पुढे केलं. साहेबांनी थोडं थांबून हो म्हटलं. अशी मी विमानात, डावीकडच्या शिकणाऱ्याच्या सीटवर बसले. तोवर मी ज्याचा खिळा न् खिळा तोलला होता त्याच्यात बसून वर जाताना मला भीती वाटली नाही, कारण त्याचं वजन किती ते मला माहीत होतं.

लोकरीने सांगितलं, की हवा आधी टोकाकडे सुटते आहे, आणि डाव्या टोकाला जरा आधी. मग साहेबांनी युक्ती काढली, आणि ती त्यांचीच होती, हे मी मोकळेपणाने सांगते. पंखांच्या बुडापाशी, पुढच्या कडेला, लाकडाची एक बारीक तिकोनी पट्टी दोन्हीकडे बसवायची. त्याने हवा आधी बुडाशी सुटेल आणि टोकं शेवटपर्यंत धरून राहतील. पट्ट्या बसल्या. आणि त्याच आठवड्यात परीक्षक येत असल्याची तार आली. चाचणी घ्यायला वेळच उरला नाही, कारण रोज दुपारपर्यंत धुकं हटत नव्हतं. नव्या पट्ट्यांनिशी विमान पहिल्यांदा स्टॉल होणार ते परीक्षकांच्या डोळ्यांसमोर.

परीक्षक उंच, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी हँगरभर फिरून सगळं पाहिलं, काही विचारलं नाही. खाली धावपट्टीपाशी दुर्बीण घेऊन उभे राहिले. साहेब त्यांच्या शेजारी. साहेबांच्या कोटाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं आणि ते सांगायची कुणाची हिंमत नव्हती.

वर गेल्यावर काय बोलायचं ते उस्तादांनी मला आधीच पढवलं होतं. ते बाहेर क्षितिजाकडे बघणार, मी काट्यांकडे आणि नाकाकडे. पंख पडला तर "पंख नीचे" म्हणायचं, नाक सरळ गेलं तर "नाक नीचे". मी सकाळपासून नीचे, नीचे असा जप करत होते. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलंही, काही पडलं का म्हणून.

मलिहाबादच्या बाजूला आमराया पसरलेल्या आहेत, त्यांच्या वर आम्ही पोचलो. उस्तादांनी इंजिनाचा दांडा पूर्ण मागे ओढला. आवाज बसला, नुसती वाऱ्याची शीळ राहिली. वेग उतरू लागला. नाक वर, वेग कमी, आणखी कमी. लोकरीचे लाल तुकडे बुडापाशी थरथरले, उठले, नाचू लागले. टोकांचे मात्र शांत पडून होते. मी डाव्या पंखाकडे बघत होते. आता टाकेल, आता टाकेल. आणि विमानाने, गुणी मुलीसारखं, नाक सरळ पुढे खाली केलं. ना डावं, ना उजवं.

आयुष्यात काही क्षण असे येतात, की तेव्हा माणसाला आईची भाषा सोडून दुसरी येतच नाही. मी ओरडले, "खाली! खाली!"

 उस्तादांनी विमान हळुवार सावरलं आणि विमानतळाच्या दिशेने वळवलं. इंजिनाच्या दांड्याला हात लावला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "पेटी कस लीजिए." मी पट्टा कसला. मला वाटलं, विमान इतकं छान वागलं म्हणून उस्ताद खुशीत येऊन इंजिनाशिवाय तरंगत चाललेत. मीही खुशीत होते. खाली आमराया, वीटभट्ट्यांची धुराडी, एक कालवा. मी टिपणं केली. मग ते म्हणाले, "घबराइए मत." मी म्हटलं, "मैं क्यों घबराऊँगी?" त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कौतुक होतं, आणि ते कशाचं हे मला कळलं नाही.

आम्ही तरंगत राहिलो. गणिताने काढलं होतं त्याहून विमान लांब आलं. कुंपणावरून अलगद गेलो आणि परीक्षकांच्या अगदी समोर टेकलो. विमान पळत पळत थांबलं. नाकावरचा पंखा मात्र फिरतच होता. उस्तादांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी माझ्या गुडघ्यांवरून वाकून डावीकडचा काटा पाहिला. टाकी अर्धी भरलेली होती.

"आपने कहा था, खाली," ते म्हणाले.

"हाँ," मी म्हटलं, "नाक खाली." आणि माझ्या तोंडून ते निघता निघता मला भाजीवाला आठवला.  माझा शब्द ऐकून त्यांना वाटलं होतं की टाकी रिकामी झाली. उरलंसुरलं थेंबभर तेल अगदी शेवटच्या गरजेला राखावं म्हणून त्यांनी दांड्याला हात लावला नव्हता. आमरायांच्या वर, जिथे उतरायला चटईएवढी जागा नाही, तिथून ते मला सांभाळून घरी घेऊन येत होते, आणि मी धुराडी बघत होते.

परीक्षक चालत आले, मागे साहेब. परीक्षकांनी विचारलं, इंजिनाशिवाय उतरणं आजच्या कार्यक्रमात नव्हतं, मग हे काय होतं? साहेबांचा चेहरा पांढराफटक. मला दिसत होतं, की आता सगळं संपलं. विमान, तुकडी, मी. एका मराठी शब्दापायी. उस्ताद सहज म्हणू शकले असते, की मुद्दाम करून दाखवलं. ते म्हणाले नाहीत. टोपी काढून हातात घेतली आणि सांगितलं, "इन्होंने अपनी ज़बान में सच कहा, मैंने अपनी ज़बान में सच सुना. बाकी जहाज़ ने सँभाल लिया."

परीक्षकांनी मला विचारलं, मराठीत खाली म्हणजे नीचे का? मी मान हलवली. ते हसले नाहीत. म्हणाले, नाक सरळ गेलं का नाही, ते मग मलाच बघावं लागेल. आणि माझ्या सीटवर जाऊन बसले.

विमान पुन्हा वर गेलं. मी आणि साहेब खाली उभे.  मी बोलायच्या लायकीची नव्हते. फक्त त्यांच्या कोटाचं ते बटण मला बघवेना, म्हणून मी सांगून टाकलं. त्यांनी ते काढून नीट लावलं आणि म्हणाले, "थैंक्यू." त्या एवढ्या महिन्यांत मला त्यांनी म्हटलेला तो पहिला थँक्यू.

परीक्षक उतरले तेव्हा त्यांच्या हातात लाल लोकरीचा एक सुटलेला तुकडा होता. पट्ट्या पक्क्या करा म्हणाले. तरंगत येण्याची चाचणी रीतसर घ्या, विमान त्यात तुम्ही समजता त्यापेक्षा चांगलं आहे. आणि इंधनाचा काटा मधोमध आणा, दोघांना दिसेल असा. पुढचं काम चालू ठेवायला हरकत नाही. हे शेवटचं वाक्य ते इतकं सहज बोलले, की साहेबांना ते दोनदा विचारावं लागलं.

काटा मधोमध आला. उस्ताद दोन दिवस रुसले. पुढे अशी आणखी काही विमानं झाली, ऐंशीच्या दशकात पोरं त्यांच्यावर शिकली, चुकली आणि सावरली. माझी नोकरी पक्की झाली. मास्तरांचं लग्न दुसरीकडे झालं, सुखाने. साहेब त्यानंतरही कधीकधी माझं वजन पुन्हा तोलायला लावायचे. सवय ती. पण मला त्याचा राग येईनासा झाला, आणि त्याचं कारण परीक्षक आले त्याच दुपारी कँटीनमध्ये घडलं होतं.

उस्ताद बशीत ओतून चहा पीत होते. मी समोर जाऊन बसले. माफी मागून झाली होती, ती त्यांनी हाताने उडवून लावली होती. पण मला एक गोष्ट समजत नव्हती. काटा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. उतरल्यावर वाकले तसे वरच वाकले असते तर सगळा घोटाळा तिथेच मिटला असता. मी विचारलं, "उस्ताद, आपने ऊपर ही झुककर काँटा क्यों नहीं देखा?"

त्यांना माझा प्रश्नच नीट कळला नाही, असं मला वाटलं. त्यांनी बशी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आपने कहा था न."

मी त्यांच्यासाठी दुसरा चहा आणायला उठले, कारण तिथे बसून रडणं बरं दिसलं नसतं.